भूकंप आणि शेताची हद्द

श्रोतेहो, बांधावरून भाऊबंदकी कशी पेटते, हें आपणांस सांगावयास नको. पण बांध सरकविणारी खुद्द पृथ्वीच असेल, तर दाद कोणाकडे मागावी?

४ सप्टेंबर २०१० रोजीं न्यूझीलंडांतील कँटरबरी प्रांतांत भूकंप झाला. ग्रीनडेलनजीक सुमारें ३० किलोमीटर जमीन फाटली. सरळ कुंपणें कांहीं ठिकाणीं चार-पांच मीटर बाजूस गेलीं. पुढें फेब्रुवारी २०११ मध्यें क्राइस्टचर्च शहर हादरलें. तेथें तर भुसभुशीत माती पातळ होऊन वरचा थर नदीकडे ओघळला.

मोजणीदारांपुढें पेंच पडला. खडकासह सारा मुलूख सरकला, तर हद्दही सरकली असें मानतां येई. परंतु नुसता वरचा थर घसरला, तर जुन्या नियमानें हद्द मूळ जागींच राही. म्हणजे ती शेजाऱ्याच्या माजघरांतूनही जावयाची!

अखेर २०१६ सालीं तेथील संसदेनें कायदा केला: भूकंपानें जमीन सरकली, तशी हद्दही सरकली असें समजावें, दरड घसरली असेल, तर मात्र नाहीं. मला हा निवाडा शहाणपणाचा वाटतो. घर व कुंपण यांची फारकत टळली. मात्र ज्याचा तुकडा आक्रसला, त्यानें तो तसाच पत्करावयाचा.