तरंगाची नोंद आणि तिचे वर्णन



11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरले, तेव्हापासून सातारा जिल्ह्यातील कोयना आणि सांगली जिल्ह्याच्या हद्दीवरचे वारणा धरण यांमधला पट्टा भूकंपशास्त्राच्या नकाशावर कायमचा आला. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासासाठी जग या पट्ट्याकडे पाहते. कराडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि गोठणे येथे सुमारे 3 किलोमीटर खोल विवर खोदले गेले. अशा अभ्यासाची सामग्री आज जगभर दोन रूपांत साठवली जाते. भूकंप कुठे, कधी, किती मोठा हे क्वेकएमएलमध्ये आणि यंत्राची संवेदनक्षमता स्टेशनएक्सएमएलमध्ये, म्हणजे माणसालाही वाचता येणाऱ्या एक्सएमएलमध्ये असते. खुद्द तरंग मात्र मिनिसीड नावाच्या द्विमान फायलीत असतो. तरंगाला द्विमानच राहू द्यावे, पण एक्सक्वेरी आणि एक्सएसएलटी या एक्सएमएल हाताळणाऱ्या भाषांचा हात त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे, एवढेच मला आज मांडायचे आहे.

सगळेच एक्सएमएलमध्ये का घालू नये, असे विचारले जाते. सेकंदाला 100 नमुने घेणाऱ्या यंत्राची एकच वाहिनी दिवसाला 86 लाख 40 हजार आकडे देते. प्रत्येक आकड्याला खुणेचे कवच चढवले, तर आकड्यापेक्षा कवचच जड होईल. बाइट जसेच्या तसेही घालता येत नाहीत, कारण शून्य किमतीचे अक्षर एक्सएमएलला मुळीच चालत नाही. उरतो तो बेस64 चा मार्ग. त्यात 3 बाइटांची 4 अक्षरे होतात, पण एक तृतीयांश वाढ ही खरी अडचण नव्हे. बेस64 मूल्य एक्सपाथ या एक्सएमएलमधल्या वाटा सांगणाऱ्या भाषेच्या दृष्टीने अखंड असते; त्याच्या आत वाट जात नाही. म्हणजे तरंग एक्सएमएलमध्ये येतो आणि तरीही बंदच राहतो. ही मांडणी मोकळेपणाचा केवळ भास देते, आणि म्हणूनच मला ती फसवी वाटते.

2013 मध्ये ईएक्सपाथ (EXPath) समुदायाने द्विमान विभाग प्रसिद्ध केला, तो नेमकी ही उणीव भरून काढतो. अमुक स्थानापासून इतके बाइट घे, त्यांचा पूर्णांक कर, त्यांची अक्षरे कर, अशी साधी फलने त्यात आहेत. मिनिसीडच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक नोंदीचे ठरावीक शीर्ष 48 बाइटांचे असते. शून्यापासून मोजल्यास आठव्या बाइटापासून पाच अक्षरांत भूकंपमापन केंद्राची खूण, विसाव्यापासून दोन बाइटांत वर्ष, तिसाव्यापासून नमुन्यांची संख्या. एवढे वाचले की स्टेशनएक्सएमएलमधल्या त्याच केंद्राशी गाठ घालता येते. ही गाठ अत्यावश्यक आहे. यंत्राने दिलेला आकडा हा नुसती मोजणी असतो. त्याचा जमिनीच्या वेगाशी संबंध वर्णनाशिवाय लागत नाही.

यावर वजनदार आक्षेप असा, की पायथनमध्ये भूकंपाची सामग्री हाताळणारे ऑब्सपाय असताना हा खटाटोप कशाला? नोंदीतला तरंग दाबून ठेवण्याची स्टाइम पद्धत उलगडायची असेल, गाळण्या लावायच्या असतील, तर ऑब्सपायच वापरावे, हे मी निःशंकपणे मान्य करतो. पण हजारो फायलींतून अमुक भूकंपाच्या वेळच्या नोंदी निवडणे आणि कोणत्या नोंदीला वर्णनच नाही हे शोधणे, हा गणिताचा प्रश्न नाही, जुळणीचा आहे. जुळणी हे एक्सक्वेरीचे घरचे काम. दुसरा आक्षेप बाइटांच्या क्रमाचा. तोही खरा आहे: क्रम उलटा धरला, तर 2018 हे वर्ष 57863 असे वाचले जाते. मात्र द्विमान विभागात क्रम सांगण्याची सोय आहे, आणि असे अशक्य वर्ष दिसले की क्रम चुकला, हे तीच पृच्छा ओळखू शकते.

कराड आणि सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एक्सएमएल शिकवताना पुस्तकांच्या यादीचे तेच ते उदाहरण कशासाठी घ्यायचे? एक स्टेशनएक्सएमएल आणि एक मिनिसीड फाइल विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, आणि पहिल्या 48 बाइटांतून केंद्राचे नाव काढून त्याचे अक्षांश-रेखांश शोधायला सांगावे.