फुलीमागची बाई

(भाईंदर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



भाईंदरची खाडी ओलांडून लोकल विरारला पोचली, की पश्चिमेला समुद्रकाठी अर्नाळा लागतं. चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी या गावाचं नाव मराठी घराघरांत नेलं. ‘बाबुराव अर्नाळकर’ या नावानं त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंझार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांमागे धावता धावता कितीतरी जणांना वाचनाची गोडी लागली. त्या कथांमध्ये पाठलाग होता, वेषांतर होतं, पिस्तूल होतं. आज मला बोलायचं आहे ते बंद दाराआडच्या रहस्याबद्दल आणि ते उकलणाऱ्या बाईबद्दल. ही बाई पोलिसात नाही, पेशानं गुप्तहेरही नाही.

सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ ही इंग्रजी कादंबरी २०१८ साली आली. आपल्याकडे ती ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ या नावानं मिळते. काळ १९२१चा, शहर मुंबई. परवीन मिस्त्री ही पारशी तरुणी वडिलांच्या कचेरीत वकिलीचं काम करते. कोर्टात उभं राहायची मुभा बाईला नाही, म्हणून ती कागदपत्रं बघते. ओमर फरीद हे गिरणीमालक वारलेले असतात. त्यांच्या मागे तीन विधवा, तिघीही पडद्यात. त्यांचे कागद चाळताना परवीनचा हात थबकतो. तिघींनी आपला सगळा वाटा धर्मादायाला देऊन टाकला आहे. मग या जगणार कशावर? आणि एकीच्या सहीच्या जागी नुसती फुली आहे. तिला काय सांगून ही फुली मारून घेतली?

खून होतो तो यानंतर. मला मात्र कादंबरीतला खरा थरार त्या फुलीत जाणवतो.

या बायका परपुरुषासमोर येत नाहीत, त्यामुळे पोलिसांचा तपास उंबऱ्यावरच अडतो. परवीनला जनान्यात जाता येतं. ती एकेकीशी वेगळं बोलते, आणि चारचौघींत गिळलेले शब्द हळूहळू बाहेर येतात. बाई असल्यामुळे तिला दार उघडलं जातं, हे खरं. पण आतलं दुःख तिला कळतं ते तिच्या स्वतःच्या सासरामुळे. कलकत्त्याच्या त्या घरात पाळीच्या दिवसांत तिला कोंडल्यासारखं वेगळ्या खोलीत ठेवत. भिंतीआडची माणसं काय बोलत नाहीत, हे तिनं सोसून ओळखलेलं आहे.

परवीन कल्पनेतली, पण तिची मुळं आपल्या मातीत आहेत. कॉर्नेलिया सोराबजी आणि मिठन लाम या पहिल्या पिढीच्या वकील स्त्रिया लेखिकेसमोर होत्या. कॉर्नेलिया १८६६ साली नाशिकला जन्मल्या. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. बाईला पदवी द्यायची नाही असा तिथला नियम होता, त्यामुळे ती हातात पडायला १९२२ उजाडलं. मधल्या काळात, १९०४ पासून, त्यांनी बंगालमध्ये सरकारच्या वतीनं पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींचं काम पाहिलं. स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा झाला १९२३ साली.

मंडळी, ही फुली अजून पुसली गेलेली नाही. आपल्याकडे तिला हक्कसोडपत्र म्हणतात. बापाच्या जागेला भाव आला की बहिणीला जेवायला बोलावतात आणि जेवण झाल्यावर कागद पुढे येतो. वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनं हिंदू घरातल्या लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. पण माहेर तुटेल या धास्तीनं ती न वाचताच सही करते. कुणी मनापासून हक्क सोडत असेल, तर तो तिचा अधिकार आहे. पण न वाचता केलेल्या सहीत तिचं मन कुठे असतं?

परवीनसारख्या बंद दाराआड जाऊ शकणाऱ्या बायका आपल्याकडेही आहेत. भाईंदरजवळच्या उत्तनची मासळीवाली दारोदार जाते. पोळ्या करणाऱ्या मावशी दिवसाला चार घरांत शिरतात. कुठल्या घरात आजी बोलायची थांबली आहे, हे त्यांना आपल्याआधी कळतं. त्यांचं ऐकायला हवं, कारण त्यांना विचारायला एरवी कुणीच जात नाही.

परवीनकडून मी एवढंच शिकले. तिनं खुनी शोधण्याआधी एक कागद नीट वाचला आणि तो कुणाच्या पोटावर उठणार आहे, हे विचारलं. त्याला सनद लागत नाही. उद्या तुमच्या घरात बहिणीपुढे असा कागद सरकवला जाईल, तेव्हा एकीनं तरी म्हणावं, “थांबा. आधी मोठ्यानं वाचून दाखवा.”