बाळाच्या डोळ्यातली काँटॅक्ट लेन्स


काही बाळांना जन्मतःच मोतीबिंदू असतो.
शस्त्रक्रियेत डोळ्यातलं गढूळ भिंग काढतात.
मग भिंगाविना सगळं धूसर दिसतं.

म्हणून तान्ह्या बाळाला बरेचदा काँटॅक्ट लेन्स देतात.
याच वयात मेंदू पाहायला शिकतो.
स्पष्ट दिसलं नाही, तर डोळा आळशी होतो.
म्हणून लेन्स रोज हवी.

आईबाबांनो, आधी हात साबणाने धुवा.
नीट कोरडे करा.
बाळ दूध पिताना लेन्स बसवणं सोपं जातं.
लेन्सला नळाचं पाणी लावू नका.

डोळा लाल झाला?
बाळ उजेडात डोळा उघडत नाही?
लेन्स काढा, लगेच डॉक्टरांकडे जा.

डोळा वाढतो, तसा नंबर बदलतो.
तपासणी चुकवू नका.

पुन्हा सांगते,
शस्त्रक्रियेनंतर लेन्स रोज हवी.