दोष जेथे, अंधार तेथे



मी कामगारांत वावरणारा माणूस. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, रात्री. मग असला सूक्ष्म विषय मी का घेतला? कारण एर्न्स्ट आबे. या जर्मन शास्त्रज्ञाचा बाप सूतगिरणीत चौदा-चौदा, सोळा-सोळा तास राबे. मुलगा पुढे येना येथील झाइस कारखान्याचा कारभारी झाला आणि १९०० साली त्याने तेथे आठ तासांचा दिवस लागू केला.

याच आबेने १८७३ साली सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सांगितली. भिंग कितीही उत्तम घासा. प्रकाशाच्या लहरीच्या निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू वेगळे दिसावयाचे नाहीत. म्हणजे सुमारे २०० नॅनोमीटर. नॅनोमीटर हा मीटरचा शंभर कोटीवा भाग.

याहून बारीक जागेतील उजेड कसा पाहावा? युक्ती अशी, की उजेड बाहेरून टाकायचाच नाही, तो वस्तूकडूनच घ्यायचा. निर्वात पोकळीत इलेक्ट्रॉनांचा झोत काही नॅनोमीटर जाडीचा, जणू सुईचे टोक, करता येतो. ही सुई जेथे टेकते तेथे वस्तू उजळते. जुन्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा असाच उजळत असे. हा उजेड भिंगातून पसरट दिसला तरी बिघडत नाही, कारण सुई या क्षणी कोठे आहे हे आपणांस ठाऊक असते. बिंदूमागून बिंदू नोंदत नकाशा पुरा होतो. इलेक्ट्रॉन आत शिरून थोडे पसरतात, त्यामुळे चित्र सुईइतके बारीक येत नाही. तरी आबेच्या मर्यादेखाली पुष्कळ जाते.

आपल्या घरच्या एलईडी दिव्यात गॅलियम नायट्राइडचा पातळ थर असतो. तो पुष्कळदा नीलम जातीच्या स्फटिकावर चढवितात. दोघांच्या अणूंची वीण जुळत नाही, म्हणून थरात तुटल्या धाग्यासारखे दोष राहतात. तेथे ऊर्जा उजेडात न येता उष्णतेत जाते आणि नकाशावर काळा ठिपका उमटतो. ठिपके मोजावेत, थर चढविण्याची रीत सुधारावी, पुन्हा मोजावेत.

गिरणीत कापड खराब निघाले की दंड विणकराला होई. सूतच कच्चे होते काय, हे कोण पाहतो? दोष नेमका कोठे आहे हे दाखविता आले, म्हणजे तो भलत्याच्या माथी मारता येत नाही. म्हणून मित्रहो, या यंत्रांना बिचकू नका. उद्या तुमचा माल नापास झाला तर शांतपणे विचारा: दोष कोठे आहे? दाखवा.