नाट्यविद्यालयाच्या दारात

पूर्वी नट व्हावयाचे तर अर्ज करावा लागत नसे. गळा गोड आणि चेहरा रेखीव असलेला मुलगा कोणीतरी हेरावा, मंडळीच्या मालकांपुढे उभा करावा, त्याने एखादे पद म्हणून दाखवावे आणि त्या दिवसापासून पंगतीत त्याचे पान मांडले जावे, अशी ती रीत होती. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले, तेव्हा त्यांच्याजवळ कसलेही प्रमाणपत्र कोणी मागितले नाही. तालीममास्तर हेच विद्यालय आणि मंडळीचे बिऱ्हाड हेच वसतिगृह.

ती पंगत केव्हाच उठली. आज अभिनयाचे पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मुलाची पहिली गाठ पडते ती कागदांशी. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाचेच उदाहरण घेऊ. संगीत नाटक अकादमीने ते १९५९ साली काढले आणि १९७५ पासून ती स्वतंत्र संस्था आहे. १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षे इब्राहिम अल्काझी यांनी त्याला जे वळण लावले, ते अद्याप पुसले गेलेले नाही. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी तेथेच घडल्या. मराठवाड्यातून आलेले वामन केंद्रे तेथे शिकले आणि २०१३ साली त्याच संस्थेचे संचालक झाले. तेव्हा ते दार आपल्या लोकांना अपरिचित नाही. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्ण वेळ तेथे राहून करावयाचा. विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती मिळते. जागा मात्र साऱ्या देशाकरिता तीसच्या आसपास.

प्रवेशासाठी कोणत्याही विषयाची पदवी, हिंदी व इंग्रजीचे कामापुरते ज्ञान आणि निदान सहा नाट्यप्रयोगांत घेतलेला भाग, एवढे हवे. ही शेवटची अट आमच्याकडच्या मुलांना नडते. बेळगाव काय, इंदूर काय, बडोदे काय, गणेशोत्सवात आणि मंडळाच्या वर्धापनदिनी मुले दहा दहा नाटके करतात. परंतु त्याचा कागद कोणाजवळ असतो? छापील कार्यक्रमपत्रिका दुसऱ्या दिवशी भजी बांधावयास जाते. माझी विनंती एवढीच की, प्रत्येक प्रयोगाची पत्रिका, वृत्तपत्रातील कात्रण आणि चिटणीसांच्या सहीचा दाखला पहिल्या नाटकापासून जपून ठेवावा. शेवटच्या आठवड्यात जुने चिटणीस सापडत नाहीत.

अर्ज मान्य झाला की निरनिराळ्या शहरांतील केंद्रांवर प्राथमिक चाचणी होते. तीतून निवडलेल्यांना दिल्लीस बोलावून काही दिवसांच्या कार्यशाळेत पारखले जाते. पहिल्या चाचणीत थोडी मिनिटे मिळतात आणि पाठ केलेला उतारा करून दाखवावयाचा असतो. येथे आपली मुले कोणता उतारा निवडतात? वीस-बावीस वर्षांचा तरुण असला तर ‘नटसम्राट’मधील अप्पा बेलवलकर. ज्याला अद्याप दाढी नीट फुटलेली नाही, तो थरथरत्या आवाजात म्हाताऱ्याचे दुःख सांगू लागतो, आणि परीक्षकांना दिसते ते अप्पांचे दुःख नव्हे, तर अप्पांची भूमिका गाजविलेल्या थोर नटांची नक्कल. आपल्या वयाचा, आपल्याला कळलेला माणूस निवडावा, हे मी गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहे. ऐकतो कोण!

मुलींची पसंती ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील बेणारेबाईंना. ती पसंती अगदीच चुकीची नाही, परंतु त्या स्वगतात एक खाच आहे. न्यायासनाने बाईंना बोलण्यासाठी काही क्षणांची मुदत दिलेली असते. बाई एवढे बोलतात, पण कोर्टातल्या कोणालाही त्यातले काहीच ऐकू जात नाही. मग त्या कोणाशी बोलतात? हा प्रश्न स्वतःस न विचारता जी मुलगी रडावयास प्रारंभ करते, तिचे अश्रू खरे असूनही फुकट जातात.

माझ्या एका विद्यार्थिनीवर हा प्रसंग आला. नाव सांगत नाही, कारण ती हे भाषण ऐकत असेल. एका विद्यालयाच्या चाचणीत तिने हेच स्वगत म्हटले. अर्ध्यावर परीक्षकांनी तिला थांबविले आणि सांगितले, ‘आता हेच घरातली वाळलेली कपडे घडी करता करता म्हणा.’ तिला तो अपमान वाटला. वर्षभर घासलेला उतारा, आणि हे गृहस्थ कपडे घडी करावयास सांगतात! ती गोंधळली, वाक्य विसरली, आणि परत येऊन दोन दिवस बोलली नाही. वास्तविक परीक्षकांना तिचा उतारा पाहावयाचाच नव्हता. तो ठीक होता, हे त्यांना अर्ध्या मिनिटात कळले होते. त्यांना पाहावयाचे होते की, दिलेली सूचना ही मुलगी घेते कशी. शिकलेला नट त्यांना नकोच असतो. शिकू शकेल असा हवा असतो. हे मी तिला आधी सांगावयास हवे होते. उतारा बसविण्यात मी चार महिने घालविले आणि तो मोडावयास शिकविला नाही, ही चूक तिची नव्हे, माझी.

भाषेविषयीही दोन शब्द. तेथे शिकणे आणि प्रयोग मुख्यतः हिंदीत चालतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मुलांना याचे भय नसते. (त्यांच्या मराठीविषयी आज बोलत नाही!) पण बेळगाव-गोव्याकडच्या मुलाला पुस्तक नपुंसकलिंगी मानावयाची सवय असते. हिंदीत ते एकाएकी स्त्रीलिंगी होते आणि तो भर चाचणीत ‘मेरा किताब’ म्हणून मोकळा होतो. आपला ‘चमचा’तला च आणि हिंदीचा च यांतही अंतर आहे. रोज अर्धा तास हिंदी मोठ्याने वाचणे, यावाचून मला दुसरा उपाय ठाऊक नाही.

नकार आल्यास काय करावे? मनोज बाजपेयी यांना दिल्लीच्या या विद्यालयाने वारंवार नाकारले, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. आईबाप मात्र ही उदाहरणे ऐकून समाधान पावत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. बापाच्या निवृत्तीस दोन वर्षे उरली असता मुलगी ‘आणखी एक वर्ष’ म्हणते, तेव्हा त्या घरात कोणाचे नाव घ्यावयाचे? शिवाय वाट एकच नाही. मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी आहे, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात नाट्यविभाग आहे. अर्ज तेथेही करावेत.

त्या माझ्या विद्यार्थिनीने यंदा पुन्हा अर्ज केला आहे. वडिलांनी होकार दिला, पण हे वर्ष शेवटचे, असे बजावून. प्राथमिक चाचणी पार पडून दिल्लीचे बोलावणे आले आहे. परवा दुपारी ती माझ्याकडे आली होती. मी तिला उतारा म्हणावयास सांगितला आणि मध्येच म्हटले, आता हाच उतारा डाळ निवडता निवडता म्हण. तिने माझ्याकडे पाहिले, हसली, स्वयंपाकघरातून सूप आणि तूरडाळ घेऊन आली आणि खाली बसली. बेणारेबाईंचे ते शब्द मी इतक्या वर्षांत इतके हळू आवाजात कधी ऐकले नव्हते. शेवटी सुपात खडे निघाले तीन. येत्या गुरुवारी ती गोवा एक्स्प्रेसने निघत आहे.