माळव्यातील सत्तावनचा संग्राम : चुकलेल्या वेळेची कहाणी

(देपालपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सत्तावनच्या इतिहासात देपालपूरचे नाव ठळक अक्षरांत आढळत नाही. झाशी, कानपूर, ग्वाल्हेर ही नावे शाळकरी मुलांच्याही ओठांवर असतात. माळव्याचे नाव निघाले तर ते ओझरते. परंतु नकाशा पुढे घेतला म्हणजे दिसून येते की, इंदूर, महू, धार आणि उज्जैन या चार ठिकाणांच्या मधल्या टापूत आपला हा परगणा वसलेला आहे. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांनी वसविलेले गौतमपुरा येथून जवळच आहे. 1857 च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत या टापूच्या चहूंबाजूंस रण पेटले होते. त्या रणाची कारणे, त्याचे पुढारी आणि त्यातील लढाया यांचा विचार करताना एकच प्रश्न आपण डोळ्यांपुढे ठेवू : इतके शौर्य असूनही हा संग्राम फसला का?

कारणांचे मूळ सत्तावनच्या चाळीस वर्षे मागे आहे. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूर येथे होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला आणि 6 जानेवारी 1818 रोजी मंदसौरचा तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख गेला, राजपूत संस्थानांवरील हक्क सुटले, इंदुरास रेसिडेन्सी बसली आणि महूस गोऱ्यांची छावणी पडली. संस्थानांच्या पैशांवर ज्या पलटणी उभारल्या गेल्या, त्यांच्यावर हुकूम मात्र इंग्रज अंमलदाराचा चाले. आपल्याच पैशाने आपल्याच मानेवर जोखड ठेवण्याची ही युक्ती होती.

शेतकऱ्याची गोष्टही निराळी नव्हती. माळव्याच्या काळ्या जमिनीत पिकणारी अफू मुंबईमार्गे चीनकडे जाई व तिच्या प्रत्येक पेटीवर कंपनी परवान्याची जकात घेई. 1843 साली सिंध प्रांत कंपनीने गिळंकृत केला, कराचीचा पर्यायी मार्ग बंद झाला आणि ही जकात चढत चढत पेटीमागे 400 रुपयांवर गेली. पिकविणारा येथला, वाहणारा येथला आणि नफा कलकत्त्याच्या तिजोरीत! त्यातच सातारा, नागपूर आणि झाशी ही मराठी राज्ये दत्तक नामंजूर करून एकामागून एक खालसा झाली व 1856 साली अयोध्येचीही तीच गत झाली. काडतुसांचे प्रकरण ही केवळ ठिणगी होय. दारू त्यापूर्वीच कोंदून भरलेली होती.

ती ठिणगी येथे 1 जुलै 1857 रोजी पडली. त्या सकाळी सआदतखान यांच्या पुढारीपणाखाली होळकरांच्याच तोफांनी इंदूरच्या रेसिडेन्सीवर मारा सुरू केला. कार्यवाहक एजंट कर्नल ड्युरंड यांच्या रक्षणासाठी ठेवलेल्या बहुतेक देशी शिपायांनी लढण्याचे नाकारले, आणि दुपार होण्यापूर्वीच ते सिहोरच्या वाटेस लागले. त्याच रात्री महूची 23 वी बंगाल पायदळ पलटण आणि घोडदळ उठले. महूच्या किल्ल्यात कॅप्टन हंगरफर्ड एका तोफखान्यानिशी तेवढा उरला. माळव्याचे हृदयस्थान इंग्रजांच्या हातून एका दिवसात निसटले होते.

येथेच या कहाणीतील कसोटीचा क्षण येतो. महाराज तुकोजीराव होळकर त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते. शिपायांनी त्यांच्याकडे नेतृत्वाची आणि आश्रयास आलेल्या युरोपियनांना स्वाधीन करण्याची मागणी केली. महाराजांनी दोन्ही नाकारल्या. शरणागताचे रक्षण करणे हा आपला धर्मच आहे आणि त्याबद्दल त्यांना कोणी दोष देऊ नये. परंतु नेतृत्व नाकारले गेले, त्यामुळे विजयी शिपायांना येथे धनी उरला नाही. थोड्याच दिवसांत ते तोफा व खजिना घेऊन उत्तरेस ग्वाल्हेर-आग्र्याच्या रोखाने निघून गेले. मुंबईहून आग्र्यास जाणारा राजमार्ग, जो त्यांनी अडवून धरावयाचा, तो त्यांनी मोकळा टाकला. ऑगस्टच्या आरंभी मुंबईची फौज महूस येऊन पोचली. मधला एक महिना वाया गेला, आणि तो पुन्हा हाती आला नाही.

तथापि माळवा स्वस्थ बसला नव्हता. अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह यांनी जुलैच्या पहिल्याच आठवड्यात भोपावरच्या एजन्सीवर हल्ला केला. मक्केहून परतलेला मोगल राजपुत्र फिरोजशहा याने ऑगस्टअखेर मंदसौरास निशाण उभारले. धारच्या किल्ल्यात अरब व मकराणी शिपाई ठाण मांडून बसले. दक्षिणेस सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांनी रस्ता धरला. एवढे सगळे झाले. पण प्रत्येकाचा मुहूर्त निराळा! पावसाळ्यात काळ्या मातीत तोफांची चाके रुततात, हे येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. तो काळ इंग्रजांनी तयारीत घालविला. आपल्या पुढाऱ्यांनी तो एकमेकांस भेटण्यात घालविला नाही.

पावसाळा सरला आणि ऑक्टोबरात ड्युरंड निघाले. तोपर्यंत दिल्ली पडली होती. धारचा किल्ला आठवडाभर तोफांना तोंड देत राहिला; 31 ऑक्टोबरच्या रात्री आतील शिपाई निसटून गेले आणि किल्ला उद्ध्वस्त करण्यात आला. 8 नोव्हेंबरला महिदपूरची पलटण फुटली, म्हणजे धार पडल्यानंतर! नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात मंदसौरजवळ चार दिवस लढाई होऊन फिरोजशहाचे सैन्य पांगले. डिसेंबरात ड्युरंड इंदुरास परतले आणि होळकरांच्या पलटणींची हत्यारे काढून घेण्यात आली. माळवा असा निर्धास्त झाल्यावरच सर ह्यू रोज जानेवारी 1858 मध्ये येथून झाशीकडे वळू शकला. झाशीच्या तटावर कोसळलेल्या फौजेची वाट इंदूर-महूवरून गेली होती, हे आपण विसरता कामा नये.

पुढे ऑक्टोबर 1858 च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेस उतरले. मराठी मुलूख उठेल ही त्यांची आशा. पण राणी लक्ष्मीबाई जूनमध्येच धारातीर्थी पडल्या होत्या आणि प्रत्येक घाटावर इंग्रजांची चौकी बसली होती. मी ज्या सीमाभागातून आलो, तेथलीही कथा हीच आहे. कोल्हापूरची पलटण 31 जुलै 1857 रोजी उठली, ती एकटी. नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले ते मे 1858 च्या अखेरीस, तेही एकटे; आणि 12 जून 1858 रोजी बेळगावास फाशी गेले. इंदूर आणि कोल्हापूर यांच्यात तीस दिवसांचे अंतर, कोल्हापूर आणि नरगुंद यांच्यात दहा महिन्यांचे, नरगुंद आणि तात्यांच्या नर्मदापार होण्यात पाच महिन्यांचे. या सर्व ज्वाळा एका आठवड्यात उठल्या असत्या, तर इंग्रजांनी कोणती विझविण्यास आधी धावावे, हा प्रश्न त्यांना पडला असता. त्या एकेक करून पेटल्या, म्हणून एकेक करून विझविल्या गेल्या.

किंमत कोणी दिली, तेही पाहा. राणा बख्तावरसिंह 10 फेब्रुवारी 1858 रोजी इंदुरास फाशी गेले आणि अमझेरा शिंद्यांच्या पदरी घालण्यात आला. धारचे राज्य जप्त झाले. 1860 साली ते परत मिळाले, पण बैरसिया परगणा भोपाळकडे गेला. तात्या 18 एप्रिल 1859 रोजी शिवपुरीस फासावर चढले. सआदतखान सतरा वर्षे इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. 1874 साली सापडताच त्यांनाही इंदुरास फाशी झाली. एक हिंदू राणा, एक मुसलमान सरदार. पण शासन एकच.

सत्तावनच्या पराभवाचे खापर केवळ फितुरीवर फोडणे सोपे आहे. त्याने आपले मन हलके होते, पण बुद्धीत भर पडत नाही. माळव्याचा धडा अधिक कठोर आहे. शूर माणसे एकत्र नसली, तर त्यांचे शौर्य शत्रूस वेळापत्रकासारखे उपयोगी पडते. ज्यांनी प्राण दिले त्यांची नावे आपण आदराने घेऊ. परंतु ते ज्या चुकीमुळे गेले, तीही तितक्याच प्रामाणिकपणे मुलांस सांगू.