भोरड्या गेल्या, हे कळतं कसं?

इयरफोन लावलेत ना? आजचा एपिसोड छोटा आहे, आणि त्यात मी माझीच एक चूक सांगणार आहे.

आमचं गाव मंगळवेढ्याजवळ. म्हणजे ज्वारीचा मुलूख. लहानपणी कणसं भरली की आबा, म्हणजे माझे आजोबा, पहाटेच माळ्यावर चढायचे. हातात गोफण, समोर हजारो भोरड्या. एक थवा उठवला की दुसरा बसलाच! आबांच्या शिव्या तेव्हाच पाठ झाल्या माझ्या.

भोरडी माहीत नसेल तर सांगतो. साळुंकीएवढा, तिच्याच कुळातला पक्षी. डोकं, पंख, शेपूट काळी, पाठ आणि पोट गुलाबी, डोक्यावर तुरा. पळस मैना असंही म्हणतात. हिवाळ्यात जरा मळकट दिसते, पण उन्हाळा लागता लागता रंग उजळतो. यंदाची पिल्लं मात्र भुरकट असतात, त्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो.

पाऊस निम्मा झाला की भोरड्या आपल्याकडे यायला लागतात आणि साधारण एप्रिलपर्यंत राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, सावर फुलली की मध प्यायला झाडावर नुसता कल्ला असतो. चोचीला, कपाळाला परागकण लागतात आणि ते या फुलावरून त्या फुलावर जातात. मग एक दिवस सगळ्या निघतात, थेट मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशाकडे. मे-जूनमध्ये तिथे टोळ आणि नाकतोडे भरपूर असतात, त्यांच्यावर पिल्लं वाढतात. आबा ज्यांना गोफणीने हाकलायचे, त्यांच्यासाठी चीनच्या शिनजियांगमध्ये लोक मुद्दाम दगडांचे ढीग रचतात आणि विटांची घरं बांधतात! का, तर त्यांनी तिथे घरटी करावीत आणि टोळ खावेत. हे आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तिकडंच ऱ्हावा म्हणावं की!"

आता माझी चूक. मी पुण्यात नोकरी करतो. खोलीसमोर एक पांगारा आहे. गेल्या वर्षी 28 मार्चला त्यावर चाळीसेक भोरड्या मोजल्या. मग ऑफिसात डेडलाइन आली, सकाळी उठायला उशीर, बाहेर बघणंच झालं नाही. 2 एप्रिलला आबांचा फोन. आता गुडघ्यामुळे ते शेतावर जात नाहीत, अंगणात बसून असतात. पहिला प्रश्न ठरलेला, "काय रं, गेल्या का भोरड्या?"

मी ऐटीत सांगितलं, "गेल्या आबा. 28 मार्चला."

"तू बघितल्यास जाताना?"

"नाही, पण त्यानंतर दिसल्या नाहीत ना."

"तू बघितलंस का पन?"

मी गप्प. संध्याकाळी मुकाट्याने वेताळ टेकडीवर गेलो. ऊन उतरल्यावर डोक्यावरून एक थवा गेला, काळा-गुलाबी. भोरड्या इथेच होत्या. मीच बघायचं थांबलो होतो.

गंमत बघा, येणारा पक्षी आपण कधीच सोडत नाही. पावसाआधी चातक आला, नवरंग ओरडला की लगेच स्टेटस, लगेच फोटो. पण जाणारा पक्षी निरोप घेत नाही. आज दिसलेला धोबी शेवटचा होता, हे आज कळतच नाही. पुढे आठ-दहा दिवस रोज बघितलं आणि तो दिसला नाही, तरच मागे वळून म्हणता येतं, हां, तो शेवटचा. म्हणजे शेवटची तारीख लिहायची असेल, तर "आज नाही" हेही लिहावं लागतं.

ई-बर्ड नावाचं ॲप आहे, फुकट आहे. यादी पाठवताना ते विचारतं की ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत का. खरोखर लिहिले असतील तरच "हो" म्हणायचं. कारण मग त्या यादीत भोरडी नसणं हीसुद्धा माहिती होते. फक्त भारी पक्ष्यांचीच नोंद केली, तर बाकीचे नव्हते की तुम्ही लिहिले नाहीत, हे कोणाला कळणार?

आणि हे महत्त्वाचं का? उन्हाळा लवकर तापला, पांगारा लवकर झडला, तर भोरड्याही लवकर निघतात का? आणि लवकर पोचल्या तर तिकडे टोळ तयार असतील का? एका माणसाच्या एका वर्षाच्या वहीवरून हे सांगता येत नाही. त्यासाठी खूप जणांच्या, खूप वर्षांच्या, खऱ्या नोंदी लागतात. माझी 28 मार्चची थाप त्यात गेली असती, तर नुकसानच होतं.

यंदा मी रोज सकाळी चहा होईपर्यंत दहा मिनिटं पांगाऱ्याकडे बघतो. फुलं आता संपत आलीत. काल सात होत्या. आज एकही नाही. वहीत लिहिलंय, "आज नाही." उद्याही बघणार.

तुमच्या खिडकीसमोरही एखादं झाड असेल. दहा मिनिटं द्या त्याला, आणि काही दिसलं नाही तरी लिहा. बरं, थांबतो. आबांचा फोन येतोय, आणि या वेळी मी फक्त बघितलंय तेवढंच सांगणार आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!